हर-टूचा नवस

कोणे एके काळी पुण्यात ज्यांनी एकशे अठ्ठ्याण्णव फिरवून फोनची तक्रार केली असेल, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांशी मी बोललेलो असणार, आणि बहुधा तिरसटपणे. टेलिफोन खात्याच्या टेस्ट डेस्कवर माझी उभी हयात गेली. तक्रार आली की लाइन तपासायची आणि सांगायचं, चालू आहे किंवा बंद आहे. तिसरं उत्तर देणाऱ्याला आमचे साहेब केबिनमध्ये बोलावून घेत. त्यामुळे माझ्या बायकोचा, सुहासिनीचा, रिपोर्ट समोर धरून डॉक्टर जेव्हा म्हणाले, "काका, टू प्लस आलंय, म्हणजे नक्की सांगता येत नाही," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"सांगता येत नाही, मग तपासलं काय?"

"अहो, जरा ऐकून तर घ्या," सुहासिनी म्हणाली.

डॉक्टर दिग्विजय शितोळे आमच्या स्वरालीच्या वयाचे. स्वराली ही आमची मुलगी, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन हजार सहा साल होतं. महिन्याभरापूर्वी सुहासिनीच्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती आणि काखेतल्या गाठींपैकी काहींमध्येही आजार पोचलेला निघाला होता. आता पुढची औषधं ठरवायला आम्ही शितोळ्यांकडे आलो होतो.

त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेवर छोट्या छोट्या काड्या उभ्या केल्या. "ही पेशी. हिच्या अंगावर अशी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. बाहेरचा निरोप घ्यायचा आणि आत पोचवायचा, एवढंच यांचं काम. त्यातलाच एक हर-टू. निरोगी पेशीवरही असतो, पण थोडका. काही गाठींमध्ये मात्र तो बेसुमार वाढतो. मग पेशीला सारखा एकच निरोप जात राहतो, वाढ म्हणून. तो आजार जहाल असतो."

"आणि आमच्या हिच्यात?"

"गाठीच्या तुकड्याला रंग देऊन पाहतात. शून्य किंवा एक आलं तर रिसेप्टर वाढलेला नाही. तीन आलं तर आहे. दोन म्हणजे मधलं. आता तोच तुकडा मुंबईला पाठवू. तिथे त्या रिसेप्टरचा जनुक पेशीत किती वेळा आलाय ते चमकवून मोजतात. दोन आठवडे लागतील."

सुहासिनीने विचारलं, "डॉक्टर, मग आम्ही काय मनात धरायचं? असावा, की नसावा?"

शितोळ्यांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं. "काकू, दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर एका शब्दात सांगितलं असतं, नसावा. आता त्या रिसेप्टरवरच नेम धरणारं औषध आलंय. इथे एका अभ्यासात आम्ही ते देतोय, तुमची सोय होऊ शकते. पण रिसेप्टर असेल तरच ते लागू पडतं. नसेल तर आजार त्या मानाने शांत, पण नेहमीच्या केमोखेरीज हातात काही नाही. काखेत पोचलंय, म्हणून मला स्वतःला वाटतं की…"

"काय वाटतं?"

"पॉझिटिव्ह आलं तर माझ्या हातात एक हत्यार जास्त असेल. पण असं मी तुम्हाला कसं सांगू, की आजार जहाल निघावा अशी इच्छा करा म्हणून?"

शनिवार पेठेत घरापाशी उतरल्यावर मी रिक्षावाल्याशी उगाचच भांडलो. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडतो. ही माझी जुनी खोड आहे.

संध्याकाळी स्वराली आली. तिची कंपनी अमेरिकेतल्या औषध कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहायची. हर-टूचं नाव काढताच ती पर्स खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसली.

"बाबा, हे प्रोटीन माझ्या स्क्रीनवर रोज असतं. रंगीत रिबिनींचा गुंता, माउसने फिरवला की फिरतो. कोणतं औषध कुठे चिकटेल ते बघणाऱ्या मॉड्यूलचं टेस्टिंग आम्ही करतो." तिने पर्स मांडीवर घेतली. "ते आईच्या अंगात असेल असं कधी डोक्यातच आलं नाही."

"मला नीट समजेल असं सांग."

"तुमचा फोन धरा. पेशी म्हणजे घर, रिसेप्टर म्हणजे फोन. बाहेरून कोणी नंबर फिरवला की घरात घंटा वाजते. या फोनांच्या घराण्यात चार भावंडं आहेत, हर-टू त्यातलं एक. पण हे जरा चमत्कारिक आहे. याला बाहेरून फोन करणारा आजवर कोणालाच सापडलेला नाही. हे शेजारच्या भावंडाला चिकटतं आणि त्याचं बोलणं मोठ्याने आत पोचवतं."

"म्हणजे क्रॉस कनेक्शन."

"साधारण तसंच. पण एका घरात शेकडो फोन झाले की ते एकमेकांनाच चिकटतात. बाहेरून कोणी बोलवलेलं नसताना आत घंटा वाजतच राहते. औषध जाऊन या फोनवर झाकणासारखं बसतं. शिवाय शरीराच्या पहारेकऱ्यांना खूण पटते, की घर हे आहे."

"आणि फोन कमीच असतील तर?"

"तर झाकण बसवणार कशावर?"

इतकं स्वच्छ मला शितोळ्यांकडूनही समजलं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या लाइनी चालू करून दिल्या. आता माझ्या बायकोच्या अंगात नको तितक्या लाइनी चालू असाव्यात, असं मला वाटायला लागलं. काखेपर्यंत आजार पोचलाय ना, मग तो निदान अशा जातीचा तरी असू दे, ज्यावर झाकण आहे. माझं ठरलं. दोन मिनिटं फार बरं वाटलं.

तेवढ्यात सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "मी नवस बोललेय कसब्यातल्या गणपतीला. निगेटिव्ह येऊ दे म्हणून."

"कधी?"

"गाठ तपासायला गेली त्याच दिवशी. रिपोर्ट म्हटल्यावर निगेटिव्हच यावा असं कोणालाही वाटणार, नाही का?"

"मग आता मागे घे तो."

"नवस मागे घ्यायला ती काय मंडईतली भाजी आहे?"

"सुहासिनी, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? पॉझिटिव्ह असेल तर औषध आहे!"

"ऐकलं. आणि पॉझिटिव्ह असेल तर आजार जहाल आहे, तेही ऐकलं. मला जहाल आजार नको, एवढंच मी मागितलंय. यात माझं चुकलं कुठे ते सांगा."

तिचं काही चुकलेलं नव्हतं. माझंही चुकलेलं नव्हतं, आणि याचाच मला भयंकर राग आला. स्वरालीकडे पाहिलं तर ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे बघू नका. मला त्याचा आकार माहितेय, बाकी काही माहीत नाही."

पोळ्यांना येणाऱ्या दुर्गाबाई धायरीहून येत. दुसऱ्या दिवशी कणीक तिंबता तिंबता त्यांनी हा वाद सुहासिनीकडून साग्रसंगीत ऐकला. मी पेपराच्या आड होतो.

"वहिनी, बोललेला नवस फिरवता येत न्हाई बगा," त्यांनी निकाल दिला. "द्येवाम्होरं शब्द म्हंजी शब्द."

"तेच सांगतेय मी यांना."

"पन घरातल्या दुसऱ्यानं येगळा नवस बोलाया कुनाची ना हाय? द्येव बगंल कुनाचं ऐकायचं त्ये."

मी पेपर खाली घेतला. दुर्गाबाई माझ्याकडे न बघता पोळी लाटत होत्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी नवस-सायासाची चेष्टा करणारा माणूस. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्या काळात फोन लागावा म्हणून नवस बोललेले महाभाग मी पाहिलेत. लाइन सुरू झाली की ते आमच्या ऑफिसात पेढे आणत आणि मी एक पेढा तोंडात टाकून त्यांना विचारत असे, "केबल गणपतीने टाकली का?" पेढा मात्र खायचो. तर असा मी, चार दिवसांनी सकाळी मंडईत भाजीला जातो असं सांगून पिशवी घेऊन निघालो आणि कसबा पेठेत शिरलो.

देवळात गर्दी बेताची होती. मी हात जोडून उभा राहिलो आणि मला कळेना, की मागायचं कसं. "माझ्या बायकोचा आजार जहाल असू दे" हे मनातल्या मनातसुद्धा म्हणवेना. पस्तीस वर्षं जिने माझं तिरसट बोलणं ऐकून घेतलं, तिच्यासाठी हे मागायचं? म्हटलं, "रिसेप्टर असू दे" असं म्हणावं. मग वाटलं, नुसतं एवढं म्हणून त्याला काय कळणार? देवाला सगळं कळतं असं म्हणतात, पण शितोळ्यांना तरी कुठे कळलं होतं? म्हणून मी त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो. पेशी, तिच्या अंगावरचे फोन, विनाकारण वाजणारी घंटा, झाकण. काखेपर्यंत आलोच होतो, तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, तुमचं झालं असेल तर पुढे सरका, आम्हालाही दर्शन घ्यायचंय."

माझी तारांबळ उडाली. घाईघाईत म्हटलं, पॉझिटिव्ह येऊ दे, आणि त्या बदल्यात काय द्यायचं ते काही सुचेना. मग खात्यातल्या सवयीने म्हणून टाकलं, तिने जे कबूल केलंय, तेच माझ्या नावावर घे. पुजाऱ्यांनी कपाळाला गंध लावलं आणि मी बाहेर पडलो.

घरी आलो तर सुहासिनीने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग हातातल्या रिकाम्या पिशवीकडे.

"मंडईतली भाजी संपली वाटतं?" एवढंच म्हणाली आणि आमटीला फोडणी घालायला गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. सकाळी चहा पिताना मी पॉझिटिव्हचा असायचो. मग ती आरशासमोर बसून एका हाताने वेणी घालायला लागायची, कारण डावा हात अजून वर जात नव्हता, आणि ते बघून मला वाटायचं, नको, नसू दे, शांत आजार असू दे बिचारीचा. जेवणं होईपर्यंत परत काख आठवायची. एकदा तर मी दुपारी झोपेतून उठून बसलो आणि स्वरालीला ऑफिसात फोन लावला.

"तुझ्या आईने आणि मी दोन उलट गोष्टी मागितल्यात. मुंबईच्या लॅबवर याचा काही परिणाम…"

"बाबा, तुकडा आईच्या अंगातून महिन्यापूर्वीच निघालाय. जे आहे ते त्यात आधीच आहे. तुम्ही मागा नाहीतर मागू नका."

"मग आम्ही मागतोय कशाला?"

"ते मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली, आणि हळूच पुढे म्हणाली, "मी पण मागतेय. रोज. आणि रोज वेगळं."

फोन आला तो आमच्या घरच्या जुन्या फोनवर. घंटा वाजली आणि आम्ही दोघंही जागच्या जागी उभे राहिलो. सुहासिनी म्हणाली, "घ्या तुम्हीच. तुमचं खातं आहे."

"काका, पॉझिटिव्ह," शितोळे म्हणाले. "आता शंका नाही. हर-टू भरपूर आहे. फार बरं झालं. म्हणजे… बरं झालं असं नाही, पण तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय?"

"कळतंय," मी म्हणालो. "म्हणजे नाही कळत. पण थँक यू."

सुहासिनीला दोन शब्दांत सांगितलं आणि ती काही बोलायच्या आत मी चपला घालून जिना उतरलो. लाइन लागली की पेढे, हे माझ्या हाडात मुरलेलं असावं. कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले, वर आलो आणि एक तिच्या हातावर ठेवला.

तिने अर्धा खाल्ला. मग उरलेला अर्धा डबीत परत ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही ती रडली नव्हती.

"हे पेढे कशाचे हो? मला जहाल निघाला म्हणून?"

मी तिच्या शेजारी पलंगावर बसलो. "मीच मागितला तो," मी म्हणालो. "देवळात जाऊन मागितला. तुला वाईटातला वाईट असू दे म्हणून सांगितलं मी त्याला. आणि आता औषध लागू पडलं नाही तर? तर मीच…" मी रडलो. बासष्टाव्या वर्षी, पेढ्याची डबी मांडीवर घेऊन.

नाक पुसून ती म्हणाली, "म्हणजे माझा नवस फुकट गेला आणि तुमचा पावला."

"असं म्हणू नकोस गं."

"का नको? मागितलंत, मिळालं. आता फेडा. काय कबूल केलंयत?"

"तू जे केलंस तेच."

"म्हणजे काय, ते माहितेय का?"

"नाही. मागे रांग होती, घाईत म्हणून टाकलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजार तिला नसून मला आहे. "अहो, विचारायचं तरी! दूर्वांच्या हजार जुड्या. बाजारातल्या आयत्या जुड्या नाहीत. घरी बसून, स्वतःच्या हाताने निवडून!" आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी तसंच होतं आणि ती हसत होती, आणि मी बावळटासारखा कधी हसत होतो, कधी नाही.

औषध सुरू झालं. केमो, आणि तिच्याबरोबर ते झाकण बसवणारं औषध, सलाइनमधून, दर तीन आठवड्यांनी. मधूनमधून हृदयाची तपासणी, कारण हर-टू तिथेही थोडा असतो, आणि झाकणाला गाठ कोणती नि हृदय कोणतं ते कळत नाही. हे स्वरालीने सांगितल्यावर माझ्या डोक्यात आणखी एक गोंधळ वाढला. शितोळे आता कशाचंच नक्की उत्तर देत नसत. "बघू या," म्हणत. मीही त्यांना चालू की बंद असं विचारत नसे.

आणि दूर्वा. सकाळी मोकळ्या दूर्वांचा भारा आणायचा, जमिनीवर पेपर पसरायचा, आणि त्यातून तीन पात्यांचे कोवळे कोंब तेवढे वेचायचे. एकवीस कोंबांची एक जुडी, दोऱ्याने बांधायची. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी तासभर खपून जुडी केली. सुहासिनीने ती डोळ्यांजवळ नेली. डोक्याला तिने रुमाल बांधला होता, केस जायला लागले होते.

"यातलं निम्मं गवत आहे," ती म्हणाली. "हे पाच पात्यांचं. याला फुलोरा आलाय. गणपतीला घालताय की गाईला?"

मी परत बसलो. तिने शेजारी पाट ओढून घेतला आणि दाखवायला लागली. निवडायला-बांधायला हात लावायचा नाही हा तिचा नियम, कारण नवस माझा. फक्त बघायचं आणि पास करायचं. त्या दिवशी एक जुडी पास झाली. दुसऱ्या दिवशीही एकच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवड्याने तिच्या लक्षात आलं.

"अहो, रोज एकच? अशाने पावणेतीन वर्षं लागतील. बायका एका बैठकीत वीस-पंचवीस करतात."

"बायकांना करू देत."

"जरा हात चालवलात तर सहा महिन्यांत नवस फिटेल."

"मला घाई नाही," मी म्हणालो. "माझी नजर अधू आहे. तू पास केल्याशिवाय एकही जुडी मी देवळात नेणार नाही. आणि त्याला हजारच्या हजार हव्या असतील, तर तोवर तुला…"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली जुडी घेतली, उलटसुलट केली, दोरा सोडला, त्यातला एक कोंब काढून पेपरवर टाकला आणि म्हणाली, "ही नाही चालणार. आज पास नाही. उद्या परत करा."

मी तो कोंब उचलून चष्म्यासमोर धरला. कोवळा होता आणि पाती तीनच होती. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट्याने पेपर गोळा केला.